एकास सदतीस

इनास फुर्ताद कुळ्याला बँकरवर होता, एकतीस वर्षं.
बँकर म्हणजे पैशांचा नव्हे,
घाट चढताना गाडीच्या शेपटाला लावतात ते इंजिन.
खिडकीतल्यांना ते दिसत नाही.
कॅसलरॉक आलं की सोडवून घेतात
आणि ते निमूट उतरून येतं,
पुढच्या गाडीचं शेपूट धरायला.

माझी जीप. डाव्या दाराला पोचा,
फरशीला भोक, त्यातून नदी आत डोकावते.
ऑक्टोबर ते मे ती पर्यटकांना धबधब्याखाली नेते.
जूनला वनखातं साखळी ओढतं
आणि मी बेकार. इनास रिटायर झालेलाच.
म्हणून त्याच्या मागच्या पडवीत
आम्ही घाट बांधायला घेतला.

एकास सत्त्याऐंशी.
या मापात मी दोन सेंटिमीटरला जरा कमी,
माझी जीप करंगळीएवढी,
आणि दूधसागर तेरेझच्या जुन्या मच्छरदाणीचा.
डोंगराला नारळाची सोडणं आणि डिंक,
वरून चाळलेली चिऱ्याची भुकटी.
सिग्नलचे खांब अगरबत्तीच्या काड्यांचे.
वाळवीने एक बोगदा आपणहून खणला.
इनासने त्यालाही नंबर दिला.

इंजिन त्याच्या पुतण्याने मस्कतहून आणलेलं.
पाच डबे लावले.
पहिल्याच वळणावर चाकं जागच्या जागी फिरली.
मी म्हणालो, टायरची हवा कमी कर.
तो हसला नाही.
म्हणालो, मग खालचे दोन ठोकळे काढू,
चढ थोडा मोडू, कुणाला कळणार आहे?
त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.
"शाणू, चडण फट मारिना."
चढण खोटं बोलत नाही, आपण कशाला बोलायचं?
एकास सदतीस म्हणजे एकास सदतीस.
सदतीस पावलं पुढे, एक आभाळात.
चाळीस केलंस तर तो घाट दुसऱ्या कुणाचा.

दोन दिवस मी तिकडे फिरकलो नाही.
घरी जीपखाली आडवा झालो, उगाच,
ग्रीस भरलेल्या ठिकाणी पुन्हा ग्रीस भरत.
तिथे आठवलं:
गेल्या नोव्हेंबरात, दुसऱ्या ओढ्यात,
लो गिअर टाकूनही चाकं गोट्यांवर घसरत होती,
आत सहा माणसं, एकीच्या मांडीवर बाळ.
मागून तुकारामची जीप आली, बंपरला बंपर लावला.
आरशात नुसतं पाणी आणि धूर.
पण पाठीत कळलं
की कुणीतरी आहे.

इनासला सांगितलं.
त्याने काही न बोलता दोदोलचा रिकामा डबा उघडला,
कापडातून दुसरं इंजिन काढलं, काळं, जुनं,
एका बाजूचा रंग उडालेलं.
"हे तुझं," म्हणाला. "तू मागे."

सोपं नव्हतं.
मी घाई केली की मधले डबे वळणावर
उंटासारखे वर यायचे आणि दरीत जायचे.
मी मागे राहिलो की त्याचं इंजिन कण्हायचं.
अकरा वेळा दरीतून डबे उचलले.
मग त्याने शिट्ट्या शिकवल्या, ओठांनीच:
पुढच्याने मारायची, मागच्याने उत्तर द्यायचं,
उत्तर येईपर्यंत हलायचं नाही.
तेरेझ स्वयंपाकघरातून ओरडली,
दोघे म्हातारे पाखरं कधीपासून झालात?

श्रावणातल्या एका रात्री गाडी चढली.
वाळवीच्या बोगद्यातून आत, बाहेर,
मच्छरदाणीच्या समोर येऊन थांबली.
आम्ही दोघेही काही बोललो नाही.
तेवढ्यात खरी मालगाडी निघाली,
आधी पुढून शिट्टी,
मग लांब मागून, थोडी उशिरा, दुसरी.
पडवीची कौलं थरथरली, पाट थरथरला,
आणि माझी करंगळीएवढी जीप
हळूच उतारावरून सुटली,
सोडणांच्या रानातून थेट नदीत.

इनासने चष्मा वर केला, तिला दोन बोटांनी उचललं,
शर्टाला पुसलं.

"हँडब्रेक लावत जा," म्हणाला.